गालाला चार, गळ्याला एक

"हे वळत नाही," म्हणत त्या बाईंनी रेझर कारखान्याच्या काउंटरवर ठेवला, तोही पात्याची बाजू खाली करून. लुडगर ब्रांग्सला पहिला राग आला तो त्याचाच. झोलिंगन म्हणजे सुऱ्या-पात्यांचे गाव; तिथे पोराला नीट बोलता येण्याआधी पाते कसे ठेवायचे ते कळते.

"वळतं की," तो म्हणाला. मूठ तळव्यात धरून त्याने रेझरच्या डोक्याखालची चकती अंगठ्याने फिरवली. एक, दोन, तीन, थेट सहापर्यंत. आकडा चढेल तशी पात्याखालची फट वाढते आणि रेझर तिखट होत जातो. हा रेझर त्यानेच आखला होता. कारखान्यात त्याची हयात गेली, पण त्याचा स्वतःचा म्हणावा, मुठीवर त्याचे नाव कोरलेला असा हा एकच. वसंतात तो निवृत्त होणार होता.

"तुमचे हात कोरडे आहेत म्हणून वळतं."

"मग हात पुसायचे, बाई."

बाईंचे नाव हेडविग टिगेस. त्यांनी पिशवी खाली ठेवली आणि शांतपणे म्हणाल्या, "नवऱ्याचे हात थरथरतात, म्हणून त्याची दाढी मी करते. डाव्या हातानं हनुवटी धरलेली असते. गालाला चार लागतो, गळ्याला एक. गळ्यापाशी आले की चकती साबणानं सटकते. हात पुसायला हनुवटी सोडली की त्याची मान हलते. आता सांगा, काय पुसू?"

लुडगरने चकती परत एकावर आणली. हीच तक्रार फोनवरही अनेकांनी केली होती, आणि प्रत्येक वेळी तो मनात म्हणाला होता, नाचता येईना अंगण वाकडे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो कारखान्यातल्या लांब बेसिनपाशी उभा राहून नुसता बघत होता. काम सुरू होण्याआधी सगळ्यांनी इथे नव्या रेझरने दाढी करायची, ही तिथली जुनी रीत. पॉलिशवाल्या कूनोने फेस लावला, हात एप्रनला खसाखसा पुसले आणि मग रेझर उचलला. शेजारच्याने तेच केले. त्याच्या शेजारच्यानेही. ओल्या बोटाने पोलादाला डाग पडतो, म्हणून या गावात उस्तादाच्या थपडा खाऊनच जो तो मोठा झालेला. सगळ्या कारखान्याने हा रेझर वापरून पाहिला होता, आणि ओल्या हाताने चकती एकानेही फिरवली नव्हती. लुडगरला स्वतःची लाज वाटली.

मालक पाफ्राटने दुपारी त्याला बोलावले. "चकतीच नको. फट तिनावर कायम करून टाकू. तक्रारी बंद."

"डोकं दुखतं म्हणून डोकंच उडवायचं?"

"ब्रांग्स, थोड्या दिवसांत तुम्ही घरी बसणार. आता कशाला भांडता?"

"मी घरी जाईन. चकती जाणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी लोक बेसिनपाशी आले तर एकही टॉवेल नव्हता, एप्रनसुद्धा नव्हते. सगळे कपाटात, आणि किल्ली लुडगरच्या खिशात.

"वेड लागलंय का रे तुला?" कूनो म्हणाला.

"लागलंय. आता फिरव चकती."

कूनोचा अंगठा सटकला. बाकीच्यांचेही सटकले. गलका ऐकून पाफ्राट आला, तेव्हा लुडगरने सरळ त्याच्याही तळव्यावर साबणाचा फेस थापला.

"साहेब, गालाला चार, गळ्याला एक. करा."

पाफ्राटने दोनदा जोर लावला. तिसऱ्यांदा रेझर उडून बेसिनमध्ये पडला. कूनोला हसू आवरले नाही.

"खुशाल तिनावर कायम करा," लुडगर म्हणाला. "मग कोणाचा गळा कापायचा तेही तुम्हीच ठरवा. माझं नाव तेवढं त्यावरून काढा."

पाफ्राटने हात स्वतःच्या कोटाला पुसले. बेसिनमधला रेझर उचलून त्याने चकती न्याहाळली. मग म्हणाला, "अंगठा सटकू नये म्हणून चकतीला खाचा किती खोल हव्यात?"

नवी चकती खडबडीत झाली, मक्याच्या कणसासारखी. कूनो म्हणाला, "पार रूप घालवलंस की रे तिचं." लुडगरलाही त्याचे वाईट वाटले. पहिला रेझर तयार झाला तो घेऊन तो स्वतःच टिगेसबाईंच्या घरी गेला.

दार उघडले तेव्हा त्यांच्या अंगावर काळे कपडे होते.

"गेल्या आठवड्यात पुरलं त्याला," त्या म्हणाल्या. "शेवटची दाढी मीच केली. आधीच एकावर लावून ठेवला होता, सगळी एकावरच केली. गाल जरा खरखरीत राहिले."

"मला उशीर झाला, बाई. चूक माझीच."

"हो," त्या म्हणाल्या, आणि रेझर घेऊन स्वयंपाकघरात गेल्या. नळाखाली दोन्ही हातांना भरपूर साबण लावला आणि चकती फिरवली. चार. एक. पुन्हा चार, पुन्हा एक. अंगठा एकदाही सटकला नाही.

"आता वळतं. पण आकडे फार बारीक आहेत. दाढी करताना म्हाताऱ्यांच्या डोळ्यांवर चष्मा नसतो, एवढं कळत नाही तुम्हाला?"

लुडगरने खिशातली पेन्सिल काढली. "केवढे हवेत?"

त्यांनी अंगठा आणि बोट यांच्यामध्ये अंतर धरून दाखवले. त्याने ते टिपून घेतले, तरी त्यांचा साबणाचा हात खाली आला नाही. खुर्चीत बसलेल्या माणसाचा गाल जिथे येईल, तिथेच तो थांबून राहिला.