दारावरची थाप

आमच्या घरी भाडेकरू टिकत नसे. खोली वाईट नव्हती. जिन्याखालून वेगळं दार, खिडकीला जाळी, मोरी आतच. पण त्या खोलीला लागून झुंबरबाई होती, आणि झुंबरबाई म्हणजे माझी बायको.

मी एस.टी.त कंडक्टर होतो, जालना डेपोत हयात गेली. टेंभुर्णीच्या गाडीत बाजारच्या दिवशी केवढा कालवा असतो ते मी सोसलंय. पण हिनं एकदा आवाज लावला की ती अख्खी गाडी गप्प बसली असती. भाडेकरूनं टॉवेल दांडीवर वेडावाकडा टाकला तरी ही त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करायची. मी कधी म्हटलं, अगं जरा हळू, तर म्हणायची, "मला काय ओरडायची हौस हाय का? हळू सांगितलेलं ऐकतंय कोण ह्या घरात?" मी हळूच 'बरं' म्हणायचो. तेही कुणी ऐकत नसे, म्हणजे तिचंच म्हणणं खरं.

त्यात पाण्याचा प्रकार. जालन्यात नळाला पाणी चार-चार दिवसांनी यायचं, तेही पहाटे केव्हातरी. नळ सूं सूं करायला लागला की ही उलथनं घेऊन भाडेकरूच्या पत्र्याच्या दारावर दणादण ठोकायची. "उठा! पाणी आलं!" एक बँकेतला मुलगा मला म्हणाला, "मामा, मला पहाटे स्वप्नात दरोडा पडतो." पुढच्या पहिल्या तारखेला तो सामान घेऊन गेला.

त्र्याण्णव सालच्या जूनमध्ये कॉलेजातले एक मास्तर इद्रिसला घेऊन आले. सुदान देशाचा पोरगा, एम.एस्सी.ला आलेला. त्याच्या गावाकडं कापूस आणि आपल्या जालन्यात कापसाच्या बियाण्याचा धंदा, म्हणून इकडं आला. काळाभोर आणि एवढा उंच की आमच्या दारातून येताना त्याला वाकावं लागलं. मला वाटलं, आता ही नको म्हणते. हिनं त्याला खालून वर न्याहाळलं आणि मला विचारलं, "एवढ्या माणसाला भाकरी किती लागत असंल हो?"

भाड्यात जेवण धरलेलं नव्हतं. पण पहिल्याच संध्याकाळी ही अंगणातल्या चुलीपुढे परातीत पीठ मळत होती, तर तो येऊन उभा राहिला. चिमूटभर पीठ उचलून हुंगलं आणि म्हणाला, "दुरा!" त्यांच्याकडे ज्वारीला दुरा म्हणतात. तिकडं ते पीठ आंबवून पातळ पोळ्या करतात म्हणे. हिनं तव्यावरची भाकरी त्याच्या हातावर ठेवली. त्यानं ती नुसतीच खाल्ली, कालवणाची वाट न बघता, आणि दुसरीकडे तोंड करून उभा राहिला. पोरगं रडत होतं. त्या दिवसापासून ही त्याच्या नावाच्या भाकऱ्या थापायला लागली. वर मलाच ऐकवायची, "मला काय खाणावळ काढायची हाय का?"

तो तिला खाला म्हणायचा. त्यांच्यात मावशीला खालाच म्हणतात, आणि आमच्या गल्लीतही मुसलमान शेजारणींना आम्ही खालाच म्हणतो, त्यामुळं तिलाही ते नवं वाटलं नाही.

परक्या गावात शिकणं म्हणजे काय, ते मी त्या पोराकडं बघून शिकलो. सायकलवर कॉलेजात जायचा, मागं गल्लीतली पोरं पळायची. कुणी केसांना हात लावून बघायचं. शुक्रवारी पांढरा लांब झगा घालून नमाजाला निघाला की शेजारची गोपिकाबाई दारात येऊन उभी राहायची, जशी काही वरात चालली आहे. आठवड्यातून दोनदा टेंभुर्णीकडच्या शेतांवर जायचा. तिथं बाया संध्याकाळी कापसाच्या कळ्या सोलून ठेवतात आणि सकाळी दुसऱ्या झाडाचं फूल आणून त्यावर घासतात, संकरित बी तयार होतं. ह्याच्या जाड बोटांत कळ्या मोडायच्या आणि बाया हसून लोटपोट व्हायच्या. घरी येऊन तोही ते हसत सांगायचा. पण संध्याकाळ झाली की पायरीवर बसून ट्रान्झिस्टर कानाला लावायचा, खरखरीतून अरबी आवाज शोधायचा. सापडला की डोळे मिटून घ्यायचा. मला ते बघवायचं नाही. मी उगीच उठून आत जायचो.

हिला तसलं काही सुचत नसे. ती म्हणायची, "ए इद्रिस्या, तो डबा कानाचा काढ अन् जेवायला ये. भाकरी वातड होऊन राह्यली."

पुढच्या चैत्रात त्याला कावीळ झाली. डोळे हळदीसारखे पिवळे. डॉक्टरनं पडून राहायला सांगितलं. हिनं त्याला अंगणात आमच्या बाजेवर आणून टाकलं. उसाचा रस, फुटाणे, बिनतेलाचं वरण. दिवसभर तोंडाचा पट्टा चालूच होता. "रस्त्यावरचं बर्फाचं पाणी प्यायला कुणी सांगितल्तं? मेल्या, तुझ्या देशात पाणी न्हाई का पाहिलं कधी?" आणि बोलता बोलता त्याचे पाय चेपायची. तो बरा झाला, पण हाडं दिसायला लागली होती.

औरंगाबादला शिकणारा त्याचा एक गाववाला सुट्टीत घरी गेला आणि त्यानं ह्याच्या आईला आजारपणाची बातमी देऊन टाकली. काही दिवसांनी तिचा निरोप आला, आणि इद्रिस संध्याकाळी ओट्यावर आमच्याजवळ येऊन बसला. मोडक्या-तोडक्या मराठीत बोलत होता, पण शब्द मोजून.

"खाला, आई फोन करते. शुक्रवारी. चौकात, रामकिसनच्या फोनच्या बूथवर. तिला तुमच्याशी बोलायचं."

"माझ्याशी?" ही उडालीच. "मला कशाला मधी घेतोस?"

मग त्यानं सांगितलं. त्याचा थोरला भाऊ लिबियात कामाला गेला होता. भाड्याच्या खोलीत एकटा राहायचा. ताप आला. शेजाऱ्यांना वाटलं कामावर गेला असेल, कामावरच्यांना वाटलं गावाकडं गेला असेल. दार बंदच. कुणी थाप मारली नाही. उघडलं तेव्हा उशीर झाला होता.

"आई म्हणते, ज्या घरात राहतो त्या घरातली बाई फोनवर दे. तिचा आवाज ऐकते, मंग ठरवते. घर असलं तर राहा. नुसती खोली असली तर परत ये."

एम.एस्सी.चं एक वर्ष बाकी होतं. तो एकदा परत गेला असता तर पुन्हा येणं होणार नव्हतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही. शिक्षण अर्ध्यावर सुटलं असतं. आणि आईचा शब्द मोडणं त्याच्यानं होणार नव्हतं.

हिनं बराच वेळ पदराचं टोक पिळलं. जन्मात कधी फोन धरला नव्हता. "मला त्या बाईची भाषा येत न्हाई. मी काही वेडंवाकडं बोलले अन् पोराचं वाटोळं झालं तर?"

"एकच वाक्य बोला," इद्रिस म्हणाला. "वलदिक कुवैस. म्हणजे, तुमचा मुलगा बरा आहे."

त्या आठवड्यात आमच्या घरात दुसरं काही ऐकू आलं नाही. भाकरी थापताना वलदिक कुवैस, भांडी घासताना वलदिक कुवैस. मी चहा मागितला तरी ती आधी ते वाक्य पुरं करायची. मी म्हटलं, "अगं, मलाच अरबी यायला लागली." हसली नाही. माझ्याशी लग्न ठरलं तेव्हाही ती एवढी भ्यायली नसेल.

शुक्रवारी दुपारी आम्ही तिघं चौकात गेलो. हिनं लग्नाकार्याचं जरीचं लुगडं नेसलं होतं, डोक्यावर पदर. रामकिसननं काचेची केबिन पुसून ठेवली होती, आत पंखाही लावला. इद्रिस बाहेर उन्हातच येरझाऱ्या घालत होता. ओठ सुकलेले. मी म्हटलं, आत ये, तर ऐकेना.

फोन वाजला. आधी इद्रिस बोलला, बराच वेळ, मान खाली घालून. मग त्यानं रिसीव्हर हिच्या हातात दिला.

हिनं तो दोन्ही हातांनी धरला, देवाचा प्रसाद धरावा तसा. आणि माझ्या बायकोच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो मी कधी ऐकला नव्हता. बारीक, मऊ, नव्या सुनेसारखा. "वलदिक कुवैस."

पलीकडून काहीतरी विचारणा झाली. ही पुन्हा तेवढ्याच हळू म्हणाली, "वलदिक कुवैस."

आणखी काहीतरी विचारलं. पुन्हा तेच.

इद्रिसनं रिसीव्हर घेतला, ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. मी विचारलं, काय म्हणते? तो म्हणाला, "आई म्हणते, ही बाई तू कुठून आणली? पढवून आणली. हिनं तुला कधी जेवायला वाढलं असंल असं वाटत न्हाई. म्हणते, खोटं बोलू नको, सामान बांध."

मला इतका संताप आला! ज्या बाईनं महिनाभर पोराचे पाय चेपले ती खोटी! पण सांगणार कुणाला आणि कोणत्या भाषेत? इद्रिसनं फोन पुन्हा हिच्याकडं दिला, शेवटचं काही बोला म्हणून. आणि स्वतः मात्र केबिनच्या काचेला टेकला. त्याचे डोळे फिरल्यासारखे झाले. गुडघे वाकले आणि तो हळूहळू पायरीवर खाली बसला.

हिनं ते पाहिलं. रिसीव्हर तसाच तोंडाशी होता, पण त्याची तिला शुद्ध राहिली नाही.

"मुडद्या! सकाळची भाकरी टोपल्यात तशीच ठेवून आलास न्हाई का? मी काय आंधळी हाय? काविळीतून उठलेलं माणूस, अन् उपाशीपोटी उन्हात नाचून राह्यलास! डॉक्टरनं काय सांगितल्तं? येळेवर खा म्हणून सांगितल्तं! रात्री बी दोनच भाकरी खाल्ल्या, मी बघत न्हाई व्हय? अशी हाडं घेऊन आईपुढं गेलास तर ती माऊली काय म्हणंल मला? म्हणंल, कोण हडळ व्हती ती, माझ्या लेकराला उपाशी मारलं! मान खाली घाल! रामकिसन, बघत काय बसला, पाणी दे त्याला. जल्दी!"

मी फोनकडं हातवारे करून थकलो. रस्त्यावरचे लोक थांबले. रामकिसन पाणी आणायला धावला आणि हिला एकदम हातातला फोन दिसला. तिनं तो निखारा लागल्यासारखा इद्रिसकडं टाकला. "घालवलं मी," ती म्हणाली. "घालवलं सगळं." तिच्या डोळ्यांत पाणी होतं.

इद्रिसनं फोन कानाला लावला. मग आईनं काहीतरी विचारलं. त्यानं उत्तर दिलं. तिनं पुन्हा विचारलं. तो आम्हाला म्हणाला, "विचारते, ही कोण ओरडली? मी म्हटलं, खालाच. विचारते, काय म्हणाली? मी म्हटलं, सकाळची भाकरी का न्हाई खाल्ली."

आणि मग रिसीव्हरमधून असा भडिमार सुरू झाला की इद्रिसनं तो कानापासून लांब धरला. आम्हाला बाहेर ऐकू येत होतं. भाषा कळत नव्हती, पण चाल माझ्या रोजच्या ओळखीची होती. हिनं कान देऊन ऐकलं आणि मान डोलवायला लागली. "बराबर हाय," ती म्हणाली. "सांगा त्याला. माझं बिलकुल ऐकत न्हाई."

आईनं पुन्हा हिला मागितलं. ह्या वेळी ती बाई हळू बोलत होती, मध्येच थांबत होती, रडत असावी. हिला एक अक्षर कळलं नसेल. पण ती प्रत्येक वेळी म्हणत होती, "हो बाई. हो. मी हाय ना हितं. हाय मी." शेवटी तिला आठवण झाली आणि तिनं आपल्या खऱ्या आवाजात, चौकाला ऐकू जाईल असं ठणकावून सांगितलं, "वलदिक कुवैस!"

इद्रिसनं फोन ठेवला. मग म्हणाला, "राहा म्हणाली. म्हणाली, तुझ्यावर रागावणारं माणूस हाय तिथं, मला झोप लागेल." रामकिसननं तिघांना चहा पाजला.

घरी येताना ही गप्प होती. एवढी गप्प की गोपिकाबाईनं मला दारातूनच खुणेनं विचारलं, काय झालं म्हणून. चपला काढताना ही मला म्हणाली, "त्याच्या भावाच्या दारावर कुणीच थाप मारली न्हाई?"

"न्हाई म्हणे."

तिनं लगेच ताट वाढलं. इद्रिसला जेवायला बसवलं, उठू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे उलथन्याच्या दणक्यानं मला जाग आली. बादली उचलून मी नळापाशी गेलो. नळ कोरडा. पाणी आदल्याच दिवशी येऊन गेलं होतं, आज यायचं कारणच नव्हतं. अंगणात ही इद्रिसच्या दारापुढं उभी होती.

दार उघडलं. इद्रिस डोळे चोळत म्हणाला, "काय झालं खाला? पाणी आलं?"

"न्हाई आलं."

"मंग?"

"मंग काय न्हाई. झोप," ती म्हणाली, आणि उलथनं पदराखाली घेऊन चुलीकडं गेली.