पन्नास न आलेले पाहुणे

मित्रांनो, मी एक जुना वायफायचा डबा आहे. एकेकाळी पांढराशुभ्र होतो, आता जुन्या दातासारखा पिवळा पडलो आहे. गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगाव तालुक्यात, एका महाविद्यालयाच्या कोठीत, मोडक्या खुर्च्यांखाली माझा मुक्काम आहे. माझ्या पाठीमागच्या फटीत पालीने अंडी घातली आहेत. तुम्हाला वाटेल, मला त्याचीच किळस येत असेल. पण पाल बिचारी तिचे काम करते. मला किळस येते ती दुसऱ्याच एका गोष्टीची, आणि थोडी माझी स्वतःचीही. ती गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंका आहे. काही वर्षे ग्रंथालयाच्या दारावर टांगलेला होतो, त्यामुळे पुस्तकांचा वास तेवढा लागला. शहाणपण लागले असे म्हणवत नाही.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. तिथले मला फारसे आठवत नाही. कुणीतरी मला वीज देऊन पाहिली, माझा हिरवा दिवा लागला, आणि मला खोक्यात घातले. खोके उघडले ते २०१२ साली, या महाविद्यालयात. तपासणी समिती येणार होती. समितीच्या छापील तक्त्यात एक ओळ होती : 'बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांसाठी मोफत इंटरनेटची सोय आहे काय?' त्या एका ओळीसाठी मला आणले होते. हे मला पुष्कळ उशिरा कळले. तेव्हा वाटले होते, आपण पाहुण्यांसाठी आलो आहोत.

मला भिंतीवर बसवले गोंदियाच्या विक्कीने. शिडीवर उभा राहून तो कार्यालयातल्या जागेश्वर बाबूंना समजावत होता.

"बाबूजी, इसमें दो दरवाजे हैं. एक कॉलेजवालों का, एक मेहमानों का. मेहमान आया, उसका नाम डालो, डब्बा छह आकडे का नंबर देगा. वो चिट्ठी पे लिख के दे दो. बस."

"कितीक पाहुणे मावतेत?" बाबूंनी विचारले.

"पचास. इक्यावनवाँ नहीं घुसेगा. किसी का नाम काटो, तभी दूसरे को जगह."

"अन् नाव कापाले किती वेळ लागते?"

"आधा मिनट," विक्की म्हणाला. "चाय आने के पहले हो जाएगा."

मित्रांनो, त्या दिवशी मला फार बरे वाटले होते. दारावर बसून येणाऱ्याला आत घेण्याचे काम कुणाला आवडणार नाही? मुले ओट्यावर बसून निकाल पाहत, नोकरीच्या जाहिराती पाहत. पाऊस असला की दाटीवाटीने माझ्याखाली उभी राहत. ग्रंथालयाच्या अनुसयाबाई झाडताना फडके काठीला बांधून माझ्या अंगावरची जाळी काढत. "बस बाप्पा, तू बी दिवसभर उभाच हायेस," असे त्या मला म्हणत. त्यांच्याइतके माझ्याशी दुसरे कुणी बोलले नाही.

पण पाहुण्यांचे दार मात्र बंदच राही. त्याची पाटी होती, तिच्यापुढे शोभेची कुंडी ठेवलेली होती. गावातल्या कुणाला ठाऊकच नव्हते की आपण तिथे पाहुणे होऊ शकतो. दोन वर्षांत एकही पाहुणा आला नाही. समितीची तारीख पुढे पुढे जात राहिली आणि २०१४ च्या जुलैत एकदाची पक्की झाली. प्राचार्यांनी जागेश्वर बाबूंना बोलावून विचारले, "पाहुण्यांची यादी कुठे आहे?"

बाबू वाईट माणूस नव्हते, असे मी अजूनही स्वतःला सांगतो. त्यांना फक्त रकाना रिकामा पाहवत नसे. त्याच उन्हाळ्यात त्यांच्या मुलीचे लग्न झाले होते. पत्रिका वाटायची यादी त्यांच्या पिशवीत तशीच होती, गाववार, सुबक अक्षरात. तिरोड्याचे उदाराम मामा, आमगावचे चुन्नीलाल, देवरीच्या सुशिलाबाई. बाबूंनी त्या यादीतली पन्नास नावे एकेक करून माझ्यात भरली. मी प्रत्येक नावाला सहा आकडे दिले. मला काय ठाऊक? मला वाटले, उद्या सगळे येणार. पन्नास चिठ्ठ्या पाकिटात गेल्या, पाकीट खणात गेले. यादी छापली, तिच्यावर प्राचार्यांची सही झाली, ती फायलीत बांधली.

प्राचार्य म्हणाले, "वा, जागेश्वरजी! पाहुण्यांनी भरले की हो आपले कॉलेज."

माझ्यात एकही माणूस नव्हता आणि मी भरलेला होतो. किळस तिथूनच सुरू झाली असावी. पण ती कळायला एका मुलीला यावे लागले.

समिती येण्याच्या आदल्या दिवशी ती आली. चंचल तिचे नाव, सालेकशाच्या जंगलपट्टीतली. त्याच वर्षी आमच्या इथून बी.ए. झाली होती. नागपूरला पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला होता, पण राहायला जागा मिळाली तरच जाता येणार होते. मुलींच्या वसतिगृहाचा अर्ज इंटरनेटवरून भरायचा होता. अर्ज भरून झाला होता, फक्त कॉलेज सोडल्याच्या दाखल्याचा फोटो जोडायचा राहिला होता. आणि तो दिवस शेवटचा होता, संध्याकाळी पाचपर्यंत. आई रुख्माबाई सोबत होती. ऐन धानाच्या रोवणीच्या दिवसांत एक दिवस मोडून ती आली होती. तिच्या घोट्यांवर शेताच्या बांधीतला चिखल वाळलेला होता.

दाखला जागेश्वर बाबूंनी सकाळीच दिला. देताक्षणी नियमाप्रमाणे चंचलचे नाव कॉलेजच्या दारातून कापले; दाखला नेलेल्याला त्या दारातून पुन्हा आत घेत नसत. अर्धे मिनिटही लागले नाही.

मग ती बाजारात गेली. तिथे रस्ता खोदताना बाजारापुरती तार तुटली होती, इंटरनेटची दोन्ही दुकाने बंद. भावाचा फोन तिच्याजवळ होता, पण त्याच्या सिग्नलवर तो फोटो काही जाईना. चाक नुसते फिरत राही. तीन वाजता ती परत आली. भिंतींवर डाग पडू नयेत म्हणून त्या दिवशी मुलांना सुट्टी होती, संगणकांच्या खोलीला कुलूप होते, आणि गुरुजन सभागृहात स्वागतगीताची तालीम करत होते. अनुसयाबाईंनी कुंडी सरकवून तिला पाटी दाखवली.

"हे पाय वो, पाहुण्याईसाठी हाय म्हणते. तू बी आता पाहुणीच झालीस न."

चंचलने फोन माझ्याकडे धरला, त्यावर आपले नाव लिहिले आणि माझे दार वाजवले. मित्रांनो, दोन वर्षांत पहिल्यांदाच! आणि मी तिला काय उत्तर दिले? 'पाहुण्यांची संख्या पूर्ण झाली आहे.'

अनुसयाबाई तिला घेऊन कार्यालयात गेल्या. कार्यालय ग्रंथालयाला लागूनच, मला सगळे ऐकू येत होते.

"बाबूजी, एक नाव कापा न. पोरीचा अर्ज जाऊ द्या, मंग पुन्हा टाका."

"मले कायले फसवता, अनुसयाबाई?" बाबू म्हणाले. "यादीवर साहेबाची सही हाय. फायलीत पन्नास, डब्यात पन्नास. उद्या एकाचा बी फरक निघाला त मान जाईल माही."

"पण आले कुठी तुमचे पन्नास? लग्नात जेवून गेले, अन् आता भिंतीवर बी बसून राहिले का जी?"

"हळू बोला!"

"बरं, नाव नोका कापू. त्या पाकिटातली एक चिठ्ठी द्या. एकाच्या नंबरानं जाईल पोरगी आत."

यावर बाबू खुर्चीतून उठले, हे मला खुर्चीच्या आवाजावरून कळले. "दुसऱ्याच्या नावानं? अनुसयाबाई, तो गुन्हा होते, गुन्हा! चुन्नीलालच्या नावानं हे पोरगी कशी घुसन? काही कायदा हाय का नाही?"

मित्रांनो, मला तोंड असते तर मी त्या वेळी ओकलो असतो. ज्या चुन्नीलालला माझे नावही ठाऊक नव्हते, त्याची जागा बाबू एवढ्या इमानाने राखत होते.

चंचल कार्यालयातून बाहेर पडली. ती परत माझ्याखाली आली. तिने सात वेळा दार वाजवले, मी मोजले. दर वेळी तिने नाव वेगळ्या तऱ्हेने लिहिले. एकदा आधी आडनाव, एकदा वडिलांचे नाव जोडून, जणू आपल्या नावातच काही चूक असावी. सातही वेळा मी तेच वाक्य म्हटले. मी यंत्र आहे, मला दुसरे काही म्हणता येत नाही, असे मी स्वतःला समजावतो. कदाचित ते खरेही असेल. पण पटत नाही.

सभागृहातून 'स्वागत असो, स्वागत असो' असे सूर येत होते. ग्रंथालयातल्या घड्याळात पाच वाजले.

रुख्माबाईंनी दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवीला गाठ मारली. मग अनुसयाबाईंना विचारले, "काय म्हणून राहिला वो बाई, तो डबा?"

"जागा नाही म्हणते."

रुख्माबाईंनी मान वर केली. माझ्याकडे पाहिले, रिकाम्या ओट्याकडे पाहिले, कुलूप लावलेल्या खोल्यांकडे पाहिले.

"दिसून त नाही राहिलं कोणी," त्या म्हणाल्या.

एवढेच म्हणाल्या. मग दोघी बस धरायला गेल्या, कारण ती चुकली असती तर सालेकशाची रेल्वेगाडीही चुकली असती.

दुसऱ्या दिवशी समिती आली. हार झाले, नारळ झाले. एक साहेब ग्रंथालयात बसले आणि त्यांनी खिशातून फोन काढला. "इथे नेट लागत नाही का?" ते सहज म्हणाले.

"एक मिनिट, साहेब, एकच मिनिट!" जागेश्वर बाबू धावत गेले. उदाराम मामांचे नाव कापले आणि साहेबांचे घातले. चहा यायच्या आत काम झाले. साहेबांनी माझ्यातून क्रिकेटचा स्कोर पाहिला, जांभई दिली आणि फोन खिशात ठेवला. ती सहीची फाईल टेबलावरच होती. तिची दोरीसुद्धा कुणी सोडली नाही.

अनुसयाबाई पाण्याचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. हळूच म्हणाल्या, "काल मान जाऊन राहिली होती न बाबूजी तुमची? आज काऊन नाही गेली?"

"पाणी द्या, पाणी," बाबू म्हणाले. पण त्यांचे कान लाल झाले होते.

'पाहुण्यांसाठी उत्तम सोय' असा शेरा मिळाला. माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला, फोटो काढला. हार पुढे चार दिवस तिथेच कुजला. तो वास मला अजून येतो.

माघात कचारगडच्या जत्रेत अनुसयाबाईंना रुख्माबाई भेटल्या. परत आल्यावर त्यांनी झाडता झाडता मला सांगितले, "पोरगी आमगावात कापडाच्या दुकानात हाय. जागा नाही भेटली, नागपूर हुकलं. एक वर्ष गेलं म्हणते. गेलेलं वर्ष येते का गा कुठी?" त्या दिवशी त्यांनी माझ्या अंगावरची जाळी काढली नाही. मला ते योग्यच वाटले.

पुढे नवा डबा आला, त्यात दोनशे पाहुणे मावतात म्हणे. मला काढून इथे टाकले. त्याबद्दल माझी तक्रार नाही.

मित्रांनो, वस्तूंची निगा राखा, त्यांना पुसून ठेवा, असे तुम्हाला नेहमी सांगतात. ते बरोबरच आहे. पण वस्तूकडून खोटे बोलवून घेऊ नये, हीसुद्धा तिची निगाच आहे, असे मला वाटते. चुकत असेन तर माफ करा. आणि मला कधी कुणी पुन्हा वीज जोडलीच, तर एक करा. साहेबांचे नाव धरून माझ्यात अजून पन्नासच्या पन्नास नावे आहेत. माझ्यावरची धूळ मग पुसा, आधी ती नावे कापा. आणि बाहेर जाऊन पाहा, दारात कोण उभे आहे.