बारीच्या तक्त्याला घातलेले कुलूप

आमच्या खाडीत जाळी लावण्याच्या अकरा जागा आहेत. त्यांतील मधल्या धारेची जागा सर्वांत चांगली. ती कोणा एकाचीच होऊ नये म्हणून दर उधाणाला प्रत्येक होडी एक जागा पुढे सरकते. हा बारीचा क्रम पूर्वी गोमाजी तांडेल तोंडपाठ ठेवीत. त्यांच्या पश्चात, सन १९९७ मध्ये, आमच्या मच्छीमार मंडळाने संगणक घेतला. मी दामाजी, सातवी उत्तीर्ण, वर्तकनगरात दोन महिने क्लास केलेला एकमेव सभासद. म्हणून त्याचा कारभार माझ्याकडे आला.

डोंबिवलीचे शिवराम देसले या जाणकार गृहस्थांनी एक्सेलमध्ये बारीचा तक्ता करून दिला व त्यात एक मॅक्रो बसवला. बटण दाबले की सगळी नावे आपोआप एकेक घर सरकत.

मासळीची नोंद करणारी शकू त्याच तक्त्यात आकडे भरीत असे. एकदा तिचे कोपर कळफलकावर टेकले आणि विठ्ठलच्या होडीचे नाव नाहीसे झाले. मी तिला चारचौघांत नको ते बोललो, आणि पुस्तकात पाहून सबंध तक्त्याला परवलीच्या शब्दाचे कुलूप घातले; शकूच्या नोंदी वहीवर गेल्या. त्या दिवशी वाटलेला अभिमान आठवला की आज मान खाली जाते.

त्यानंतरचे पहिलेच उधाण कार्तिकातले मोठे उधाण होते; वर्षात एवढी मासळी पुन्हा येत नाही. सकाळी मी बटण दाबले. पडद्यावर इंग्रजी मजकुराची चौकट उमटली. इंग्रजी मला अक्षरओळखीपुरतेच येते; परंतु मंडळात मी उत्तम येते असे सांगितले होते, आणि शकू शेजारीच बसली होती. मी ओठ हलवून वाचल्यासारखे केले, ठीक आहे म्हणालो, चौकट बंद केली आणि तक्ता छापून फळ्यावर लावला.

तासाभराने भागीरथी आली. नवऱ्याच्या मागे होडी तीच सांभाळते. दहा उधाणे थांबून आज धारेची बारी तिची होती. फळ्यावर मात्र त्या जागेपुढे पुन्हा धाकूचेच नाव होते, आणि धाकू माझा सख्खा मेहुणा. तिने बोटांवर सगळी उधाणे मोजून दाखवली. मी उत्तर दिले की संगणकाला नातेगोते नसते. चूक असेल तर तुझ्या मोजण्यात असेल. ती निघून गेली. धाकूने त्या संध्याकाळी आमच्या घरी टोपलीभर कोलंबी पाठवली आणि आम्ही ती खाल्ली.

रविवारी शिवरामभाऊ आले, तोवर उधाण ओसरले होते. त्यांनी बटण दाबताच तीच चौकट आली. त्यांनी तिचा अर्थ सांगितला: हा तक्ता कुलूपबंद आहे, यात बदल करता येणार नाही.

"दामाजीशेठ, कुलूप माणसांसाठी घातलंत, पण बटणही बाहेरच राहिलं की," ते हसत म्हणाले. "ही चौकट आधी कधी आलेली का?"

भागीरथी दारात उभी होती. मी नाही म्हटले असते तर ते खपून गेले असते. शकूने माझ्याकडे पाहिले आणि पुन्हा वहीत डोके घातले.

"आलेली," मी म्हणालो. "मला वाचता आली नाही."

कोणी हसले नाही. हसले असते तर बरे वाटले असते. मी भागीरथीला म्हणालो की माझ्या होडीची धारेची बारी येईल तेव्हा ती तू घे.

"मना तुझी बारी नको, दामाजी," ती म्हणाली. "माझी व्हती, ती पायजे व्हती."

मग तिनेच अकराही होड्यांचा क्रम न चुकता सांगितला व शिवरामभाऊंनी तक्ता ताडून पाहिला. कुलपाची किल्ली त्यांनी मॅक्रोच्या आज्ञांतच ठेवली: बटण दाबले की आधी कुलूप उघडावे, नावे सरकावीत, आणि कुलूप पुन्हा लागावे. शकूच्या नोंदीची घरे तेवढी मोकळी राहिली.

पुढच्या उधाणाला नावे बिनचूक सरकली आणि भागीरथी धारेवर गेली. दोन टोपल्या घेऊन परतली. कार्तिकात धाकूने नऊ आणल्या होत्या.

आता पडद्यावर कसलीही चौकट आली की मी शकूला हाक मारतो. ती नववीपर्यंत शिकलेली आहे. एकेक शब्द सावकाश लावते. तिचे वाचून होईपर्यंत मी बाजूला उभा राहतो.