मागच्या काचेची शिवण

“अहो, एकदाच वाजवायचं. दोनदा वाजवलं की मी थांबते,” मी बाहेरून म्हटलं.

आतून काचेवर पुन्हा दोनदा टकटक झालं. मग तिसऱ्यांदा. काचेपलीकडे ह्यांचा चेहरा घामानं निथळत होता.

“सुई मिळाली का?”

“कुठाय सुई? इथं नुसतं अस्तर आहे.”

“अस्तराखाली बोट घाला. आतून भोक दिसत नाही, बोटाला लागतं.”

“तू जरा पुढं ढकल ना.”

“आणखी ढकलली तर बोटात जाईल तुमच्या.”

शेवटी ती बोटातच गेली. ह्यांनी हात झटकला, बोट तोंडात घातलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू सुईची जात मीच शोधून काढली. मला हसू आलं. मग हसू आल्याचं वाईटही वाटलं नाही, कारण त्या जागेवर बसून माझी बोटं किती वेळा टोचली असतील त्याची ह्यांनी कधी चौकशी केलेली मला आठवत नाही.

आमचं काम कुशनचं. गाड्यांच्या सीटा, दारांची अस्तरं. पण नाव झालं ते कापडी टपाच्या गाड्यांनी. अशा गाडीचं छत घडी घालून मागं टाकता येतं, आणि त्याच्या मागच्या अंगाला जाड, पारदर्शक प्लॅस्टिकची काच शिवलेली असते. कापड टिकतं, काच टिकते. दोघांना धरून ठेवणारा दोरा मात्र उन्हानं कुजतो. शिवण उसवली की मालक आधी गोंद लावतात, मग चिकटपट्टी लावतात, आणि सगळा चिकटा झाला की आमच्याकडे येतात. मशीन इथं कामाचं नाही. मशीन नवी भोकं पाडतं, आणि जुन्या भोकांच्या शेजारी नवी पडली की काच तिकिटासारखी फाटत जाते. म्हणून आम्ही जुन्याच भोकांतून हातानं शिवतो, गाडीवरचा टप न उतरवता. एक जण बाहेर, एक जण आत. बाहेरचा सुई ढकलतो, आतला ती धरतो, दोरा ओढतो आणि पुढच्या भोकातून परत पाठवतो. एकदा वाजवलं की सुई धरली, दोनदा वाजवलं की थांब.

हे काम भर उन्हातच करावं लागतं. काच तापून मऊ झाली तरच शिवण सपाट बसते, नाहीतर चुण्या पडतात. गाडी गाळ्यासमोर उन्हात उभी करायची, टपाचे खटके लावायचे, दारांच्या काचा वर घ्यायच्या म्हणजे कापड ताठ राहतं. बाहेर बसणाऱ्यासाठी आमच्याकडे एक मोठी छत्री होती, बागेतल्या टेबलावर असते तसली. ती ह्यांनी हौसेनं आणली होती. आत कसली छत्री लावणार?

संसार सुरू झाल्यापासून मी आत आणि हे बाहेर. कोणी ठरवलं नव्हतं. मी अंगानं लहान, मागच्या सीटवर गुडघे दुमडून मावायचे. लोक येता-जाता थांबायचे, ह्यांच्याशी गप्पा मारायचे, “मास्तर, काय टाका आहे हो तुमचा” म्हणायचे. टाका सारखा पडतो तो आतल्या हातानं. दोरा किती ओढायचा, कुठं सोडायचा हे आतला ठरवतो. पण आतला दिसत नाही. खोटं कशाला बोलू, कापड बेतायला आणि ताणायला ह्यांच्यासारखा माणूस दुसरा नव्हता. मीही त्या वेळी मनावर घेतलं नव्हतं. नवऱ्याचं कौतुक म्हणजे आपलंच, असं समजायचं वय होतं ते.

मग ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा, मग कात्री वाकडी जायला लागली. औषधानं फरक पडेना. तेव्हापासून गाळ्यातलं सगळं काम मीच करते: बेतणं, कापणं, मशीन. गिऱ्हाइकाला गाडी ताब्यात द्यायला मात्र हे पुढे होतात, डावा हात सीटवरून फिरवत. मी मागे दोरे वेचत असते.

मुलाला हे ठाऊक आहे आणि नाहीही. तो नोकरीला जातो, रात्री येतो, बापाचा हात बघून हळहळतो. गेल्या महिन्यात त्यानं जेवताना विषय काढला. “गाळा भाड्यानं देऊन टाकू. एक मोबाइलवाला विचारतोय.”

“आणि मी काय करू?” मी विचारलं.

“आराम कर ना आई. बाबांचं काम बंदच आहे आता.”

“काम बंद कुठंय? चालूच आहे. मी करते.”

“तू करतेस, पण लोक बाबांच्या हातासाठी येतात. बाबा नाहीत म्हटलं की कोण येणार?” मग माझा चेहरा बघून तो जरा मवाळ झाला. “एका जरी गिऱ्हाइकानं तुझ्या हातचं म्हणून काम दिलं ना, मी गाळ्याचं नाव काढणार नाही.”

हे ताटात बघत होते.

त्याच आठवड्यात दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांची ती जुनी, सायीच्या रंगाची गाडी. काचेच्या तीन बाजू आम्ही कधीकाळी शिवून दिल्या होत्या, चौथी, खालची, तेव्हा धड होती. आता ती उसवली होती. फोनवर म्हणाले, “मास्तर, तुमच्या तीन बाजू केसभर हलल्या नाहीत. ही पण तुमच्याच हातची पाहिजे. माझ्या ओळखीत अशा गाडीवाले बरेच आहेत, सगळे शिवणीला रडतायत. हात तसाच असेल तर सगळ्यांना तुमच्याकडे धाडतो.”

त्या रात्री अंथरूण घालताना मी ह्यांना म्हटलं, “एक मागते. आजवर काही मागितलं नाही.”

“काय?”

“ही शिवण मी बाहेर बसून घालते. तुम्ही आत बसा. आणि डॉक्टर आले की त्यांच्यासमोर सांगा, हिनं शिवलंय म्हणून. मुलगाही असेल तेव्हा. शेवटचा टाका मी घालते.”

आमच्या गाळ्याची एक रीत होती, ह्यांनीच पाडलेली. शेवटचा टाका मालकाच्या डोळ्यांदेखत घालायचा. सुई शेवटच्या भोकात अर्धी खोचून ठेवायची, मालक आला की हे तळहाताला चामड्याची पट्टी लावून ती आत ढकलायचे, मी आत गाठ मारून एकदा वाजवायचे, हे बाहेरून एकदा उत्तर द्यायचे, आणि मगच मी दोरा कापायचे. उत्तर आल्याशिवाय कापायचा नाही. बाहेर दोरा सैल राहिला असेल तर कापल्यावर काही करता येत नाही. गिऱ्हाइकांना हे सगळं फार आवडायचं.

“सांगीन की,” हे म्हणाले. “त्यात काय एवढं?”

“नक्की?”

“अगं, सांगतो म्हटलं ना. झोप आता.”

मी झोपले. बऱ्याच दिवसांनी गाढ झोपले.

आणि आता हे आत होते, मी छत्रीखाली. बाहेरून हे काम किती सोपं असतं ते मला पहिल्यांदाच कळलं. भोक समोर दिसतं, वारा लागतो, पाठ सरळ राहते. आतून मात्र दोरा कधी सैल यायचा, कधी असा ओढला जायचा की काच आक्रसायची. काही टाके मी उसवून पुन्हा घातले. हे डाव्या हातानं सुई परत पाठवायचे, ती भलत्याच भोकातून डोकं काढायची. मी एकदाही आवाज चढवला नाही. दोरा किती ओढायचा ते मी बाहेरून सांगत गेले, तसं पुढं पुढं त्यांनाही जमायला लागलं, टाका बसायला लागला. शिवण अर्ध्यावर आली तेव्हा दार धाडकन उघडून हे बाहेर पडले, फूटपाथवर बसले आणि शर्टानं तोंड पुसत म्हणाले, “आत फार उकडतं गं.”

मी त्यांच्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता पुढं काहीतरी बोलतील. “तू कशी बसायचीस” एवढं तरी. ते म्हणाले, “पाणी आण.”

मी पाणी आणलं. ते प्यायले आणि पुन्हा आत जाऊन बसले, हेही सांगायला हवं. कुरकुर न करता बसले. शिवण जुळत जुळत कोपऱ्यापर्यंत आली. मी बाजूला होऊन बघितली. काळ्या कापडावर एका रेषेत टाके, कुठं फट नाही, चुणी नाही. मला माझ्या कामाचा असा अभिमान कधी वाटला नव्हता, कारण बाहेरून बघायची वेळच कधी आली नव्हती. मी शेवटच्या भोकात सुई अर्धी खोचली, तळहाताचं चामडं काढून काचेच्या कडेला ठेवलं आणि चहा टाकायला गाळ्यात गेले.

कप घेऊन बाहेर आले तेव्हा डॉक्टर आलेच होते. मुलगाही अर्धी सुट्टी टाकून आला होता. हे गाडीतून उतरून शर्ट नीट करत उभे होते, उजवा हात खिशात. डॉक्टर काचेपाशी वाकून शिवणीवरून बोट फिरवत होते.

“मास्तर, काय बोलू मी?” ते म्हणाले. “आमच्या धंद्यात हात बघून माणूस कळतो. हा हात लाखात एक आहे.”

मी ट्रे धरून उभी राहिले. मुलगा ह्यांच्याकडे बघत होता. मीही. हे माझ्याकडे सोडून सगळीकडे बघत होते.

“सवयीनं होतं,” हे म्हणाले.

“सवय नाही हो, देणगी आहे. या जुन्या बाजूंशी ताडून बघा, काही फरक आहे का? तोच टाका.” डॉक्टर सरळ झाले. “चला, शेवटचा घाला. गेल्या वेळेस तुम्ही माझ्यासमोर घातला होता, घरी सगळ्यांना अजून सांगत असतो.”

आता सांगतील, मला वाटलं. आता नाही तर कधी? मी ट्रे खाली ठेवला आणि चामड्याकडे हात केला. माझ्या आधी ह्यांनी डाव्या हातानं ते उचललं.

“तू आत बस,” हे मला म्हणाले. मग डॉक्टरांकडे वळून हसले. “गाठ ही मारते. तेवढं येतं तिला.”

मी तोंड उघडलं होतं, खोटं नाही सांगत. शब्द ओठावर होते. डॉक्टर, हे सगळं मी शिवलंय, ह्यांना खिशातला हात बाहेर काढायला सांगा. एवढंच म्हणायचं होतं. तेवढ्यात माझी नजर त्या खिशाकडे गेली. खिसा हलत होता. आतला हात हे मांडीशी घट्ट दाबून धरत होते आणि तो ऐकत नव्हता. या माणसाजवळ लोकांना दाखवायला आता दुसरं काही उरलेलं नाही, हे मला दिसलं, आणि माझे शब्द मी गिळले. दया आली म्हणून गिळले. त्या दयेचा मला तेव्हाही संताप आला होता आणि आजही येतो.

मी दार उघडून आत शिरले. मागच्या सीटवर गुडघे दुमडले. सीटला ह्यांच्या घामाचा ओलावा होता.

सुई मी अर्धी खोचून ठेवलेली होती, म्हणून ह्यांचं निभावलं. अंगाचा आडोसा करून, डाव्या तळहातानं ह्यांनी ती ढकलली. डॉक्टरांनी टाळी वाजवली. मी सुई धरली, दोरा ओढला, अस्तराखाली गाठ मारायला लागले. अर्धवट लोटलेल्या दाराच्या फटीतून आवाज येत होते.

“मग पाठवू ना बाकीच्यांना?” डॉक्टर विचारत होते.

“नाही हो,” मुलगा म्हणाला. “बाबा आता थांबतायत. गाळा देतोय आम्ही. हे त्यांचं शेवटचंच काम.”

“अरेरे. पण बरोबर आहे, हात चालतोय तोवर थांबलेलं चांगलं. नाव राहतं. आणि वहिनींची साथ किती छान हो तुम्हाला. चहा तर फक्कड आहे.”

ह्यांनी काहीतरी उत्तर दिलं. ते मला ऐकू आलं नाही, कारण मी हात लांब करून दार ओढून घेतलं. त्यानंतर कसलाच आवाज आला नाही. शिवण चांगली बसली होती.

गाठ झाली. मी काचेवर बोटानं एकदा वाजवलं.

काचेपलीकडे तिघं उभे होते, पाठमोरे. ह्यांच्या डाव्या हातात कप होता. डॉक्टर त्यांच्या खांद्यावर हात ठेवून काही सांगत होते, हे मान डोलावत होते, आणि मुलगा बापाकडे फार अभिमानानं बघत होता. मी पुन्हा एकदा वाजवलं. आत फार उकडत होतं. घाम डोळ्यांत उतरत होता आणि दोरा माझ्या हातात ताणून धरलेला होता.

उत्तराची वाट न बघता मी तो कापला.