जगदीशरावांनी सुधारलेला हत्ती

जगदीशरावांचा हात लागला की वस्तू सुधारते, असं मानक नगरच्या कॉलनीत सगळे म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. रेल्वेच्या संशोधन संस्थेत या गृहस्थाचा उभा जन्म एकाच ध्यासात गेला: डब्यातल्या माणसाला झटका बसता कामा नये. धावत्या डब्यात काठोकाठ भरलेला पेला ठेवायचा. तो सांडला नाही, तरच यांना रात्रीचं जेवण गोड लागायचं. रिटायर झाल्यावर तर घरातली एकही वस्तू सुखाने कुरकुरू शकत नव्हती.

लेक क्षितिजा तिकडे उत्तरेतच वाढलेली, त्यामुळे आईबापांशीही हिंदीतच बोलायची. ती बँकेत होती. चांगली पक्की नोकरी. पण तिच्या मनाने घेतलं, की नाणं टाकून चालणारी खेळण्यांची यंत्रं दुकानादुकानांबाहेर ठेवायची आणि कमाई दुकानदाराशी वाटून घ्यायची. जगदीशराव हबकलेच. "राजीनामा नको, आधी बिनपगारी रजा घे," हे त्यांनीच तिच्या गळी उतरवलं. ती रजा आता सोमवारी संपत होती. तोवर धंद्याचं काही दिसलं नाही, तर मुकाट्याने पुन्हा काउंटरवर बसायचं, असं बापलेकीत ठरलं होतं.

पहिलं यंत्र तिने कानपूरहून आणलं: एक जुना, लालभडक हत्ती. दहाचं नाणं टाकलं की गाणं वाजायचं आणि हत्ती डोलायचा. सरोजिनी नगरातले मिठाईवाले रस्तोगीजी त्याला जागा द्यायला तयार झाले, पण रविवारपर्यंतच. "रौनक हुई तो रहेगा बिटिया," ते म्हणाले, "नहीं तो मुझे मेज़ लगानी है."

हत्ती दुकानाबाहेर उभा राहिला आणि कसली रौनक, कसली गर्दी अन् कसलं काय! मुलं हट्टाने चढायची, जरा वेळ बसायची आणि तोंड पाडून उतरायची. दुसऱ्यांदा कोणी नाणं मागेना. शनिवारी एक चिमुरडी हत्तीवर बसली, गाणं सुरू झालं, हत्ती हलू लागला, आणि तिने जगदीशरावांनाच विचारलं, "अंकल, ये चल क्यों नहीं रहा?"

क्षितिजा चमकली. "बाबा, आपने इसमें कुछ किया है?"

"किया म्हणजे? अगं, काय अवस्था होती त्याची!" जगदीशरावांची छाती फुगली. "डोलताना केवढा गचका द्यायचा! तू झोपलीस तेव्हा मी खाली रबर बसवलं, मोटर हळू केली. हात ठेवून बघ, कळणारसुद्धा नाही."

"वही तो, बाबा," ती म्हणाली. "बच्चे उसी गचके के दस रुपये देते हैं."

जगदीशरावांना ते फार लागलं. पोरीचं भलं करायला गेलो आणि तिच्याच पोटावर पाय आणला, या विचाराने त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. बरं, ती चिडली असती तरी परवडलं असतं. ती नुसती हत्तीच्या कानावरची धूळ पुसत राहिली.

संध्याकाळी ते हत्यारं घेऊन आले. बायको हेमाताईही बरोबर आल्या, कारण यांच्यावर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. रबर निघालं, मोटर पूर्ववत झाली. बोल्ट मात्र त्यांनी चांगले आवळले आणि बसणाऱ्याला धरून ठेवायला एक पट्टाही बसवला. तेवढं क्षितिजाने करू दिलं.

"आता कोणीतरी बसून बघायला हवं," ते म्हणाले. पण चाचणीसाठी दुसऱ्याचं मूल कसं बसवायचं? हेमाताईंनी पदर खोचला आणि ढांग टाकून हत्तीवर बसल्या.

"अगं, उतर! लोक बघतायत!"

"बघू देत. टाका नाणं."

हत्तीने पहिलाच असा गचका दिला, की हेमाताई "अगं बाई गं!" करून किंचाळल्या आणि मग जे हसत सुटल्या, ते थांबेचनात. रस्तोगीजी जिलबी सोडून बाहेर आले. जगदीशराव बघतच राहिले. बायको अशी हसते, हे ते पार विसरून गेले होते. इतक्या वर्षांत हिला हसवायचं आपल्याला का सुचलं नाही, असं त्यांच्या मनात आलं आणि त्यांना वाईट वाटलं.

रविवारी हत्तीभोवती पोरांचा गिल्ला झाला. उतरलेलं पोर पुन्हा रांगेत. तरी रस्तोगीजी पक्का बनिया, म्हणाले, "चलो, अभी कुछ दिन और देख लेते हैं."

दुकान आवरताना क्षितिजा म्हणाली, "बाबा, कल इस्तीफ़ा दे रही हूँ."

एका रविवारच्या गर्दीवर नोकरी सोडायची? जगदीशरावांचा हात खिशातल्या फोनकडे गेला. रजा वाढवता येईल, मॅनेजर ओळखीचा आहे, एक फोन केला की झालं. सगळं अगदी ओठांवर आलं होतं. हेमाताई त्यांच्याकडे रोखून बघत होत्या.

"कुछ बोलेंगे नहीं?" क्षितिजाने विचारलं.

"मला भीती वाटते गं," ते म्हणाले.

"मुझे भी."

जगदीशरावांनी खिशातला फोन काढला होता. तो त्यांनी परत खिशात टाकला.

"मग दे," ते म्हणाले.