इंजिनाला लागलेली नजर

"गप्प बसा सगळे! तिला बोलू द्या!"

गावात मंत्र-तंत्र करणाऱ्या मुअल्लिम खल्फाननं हात वर केला आणि आमच्या अंगणातली गर्दी खरंच गप्प झाली. आता बोलत होतं ते फक्त इंजिन. माझ्या धाकट्या भावाची, हमूदची, वाळूच्या टेकड्या चढायची जुनी गाडी बॉनेट उघडं टाकून उभी होती. आत कुणी बसलेलं नव्हतं, कुणाचा पाय कशावर नव्हता, तरी ती आपली आपणच गुरगुरत वर चढायची, मग विझतेय की काय असं वाटेपर्यंत खाली यायची, की पुन्हा उसळी. आठवडाभर हेच चाललं होतं. ऐकून ऐकून माझं डोकं उठलं होतं.

मुअल्लिमनं लांब चोचीच्या तांब्यातून मंतरलेलं पाणी इंजिनावर सोडलं, काहीबाही पुटपुटला, फुंकर मारली. आणि इंजिन शांत झालं. उसळ्या थांबल्या, एका लयीत संथ चालायला लागलं, अगदी तान्हं मूल दूध पिऊन झोपावं तसं.

"माशाल्ला!" अख्खं बिदिया गाव एका आवाजात ओरडलं. एका म्हाताऱ्याचे तर डोळे भरून आले.

"नजर आहे," मुअल्लिम म्हणाला. "हिला कुणीतरी डोळे भरून पाहिलं आणि माशाल्ला म्हटलं नाही. लोखंड झालं म्हणून काय झालं? लोखंडालाही मन असतं, लोखंडही लाजतं!"

"आणि गंजतं तेव्हा काय, रुसलेलं असतं?" मी विचारलं.

"झुवैना!" आई, म्हणजे आमची उम्मी, माझ्यावर डाफरली. "इस्पितळात नोकरी लागली म्हणून जीभ लांब करायची नाही."

मुअल्लिमची कॉफी पिऊन होते न होते तोच इंजिन पुन्हा उसळ्या मारायला लागलं. दुसरा कुणी असता तर ओशाळला असता. हा बहाद्दर उलट खूश झाला.

"हट्टी नजर आहे. जवळच्याच बाईची. उद्या बायकांना बोलवा. उष्टा घोट लागेल."

आमच्याकडे ही रीत जुनीच. ज्याची नजर लागल्याचा संशय असेल त्याच्या पेल्यातली उरलेली कॉफी, नाहीतर त्यानं खाल्लेल्या खजुराच्या बिया गुपचूप आणायच्या, पाण्यात घालायच्या आणि त्या पाण्यानं आजाऱ्याला अंघोळ घालायची. माणसांना घालताना मी पाहिलं होतं. इंजिनाला अंघोळ पहिल्यांदाच पाहणार होते.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या नमाजानंतर व्हरांडा बायकांनी भरला. कॉफी झाली, हलवा झाला. उम्मी एकेक पेला अंगणात पाठवत होती, सोबत नाव. मुअल्लिम नाव मोठ्यानं उच्चारायचा आणि घोट इंजिनावर ओतायचा. इंजिन आपलं वर-खाली, वर-खाली. मग त्यानं नाव घेतलं, "रय्या."

घोट ओतला आणि इंजिन शांत झालं.

अंगणात कुणी माशाल्लासुद्धा म्हटलं नाही. रय्याखाला म्हणजे शमसाची आई. शमसा आणि हमूदचं लग्न पुढच्या महिन्यात होतं. गेल्याच महिन्यात रय्याखालानं चारचौघींत सांगितलं होतं, की तापानं फणफणलेलं पोर इस्पितळात न्या, मुअल्लिमच्या दारात नको. मुअल्लिमला तिचं नाव सापडायला फार शोधाशोध करावी लागली नसणार.

"माझ्या लेकाचं वाईट चिंतणाऱ्या घरातून मला सून नको," उम्मी भर अंगणात म्हणाली. "लग्न मोडलं."

रय्याखाला हातातला खजूर ताटात ठेवून उठली. चपला घातल्या आणि निघून गेली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. मला संताप आला. हमूद मात्र खाली मान घालून उभा होता, आणि त्याचा राग मला मुअल्लिमपेक्षाही जास्त आला.

मी त्याला बाजूला ओढलं. "गाडीत काय बदललंस?"

"काही नाही, ताई."

"हमूद!"

"हवा आत घेणारं तोंड मोठं बसवलं. टेकडी चढायला जोर मिळावा म्हणून. मग ती अशी करायला लागली, तर स्क्रू पिळला."

"कुठला स्क्रू?"

"उभ्या गाडीचं इंजिन किती वेगानं फिरावं, त्याचा. रोज थोडा आत, थोडा बाहेर. काही उपयोग झाला नाही."

"आणि नव्या तोंडाच्या सांध्यात काय घातलंस?"

"जुनीच कागदी चकती. चांगली दिसत होती."

माझं इस्पितळातलं काम श्वासाची यंत्रं सांभाळायचं. नळीच्या सांध्यातून हवा चोरवाटेनं शिरली की यंत्र कसं वेड्यासारखं वागतं, ते मी रोज बघते. शिवाय सगळेजण पेले बघत होते तेव्हा मी मुअल्लिमचा हात बघत होते. बाकीच्या बायकांचे घोट त्यानं पुढे, इकडेतिकडे सांडले होते. रय्याखालाचा तेवढा मागे, त्या नव्या तोंडाच्या बुडाशी. कालचं पाणीही तिथंच पडलं होतं.

मुअल्लिम हलवा खात बसला होता. इंजिन एव्हाना पुन्हा उसळ्या मारत होतं.

"मुअल्लिम, मलाही एक घोट ओतून बघू दे," मी म्हणाले आणि उम्मीचा पेला उचलला.

"हे बायकांचं काम नाही!"

"नजर बायकांची, उष्टं बायकांचं, मग ओतायलाच तेवढा पुरुष का?"

व्हरांड्यातून हसण्याची लाट आली. मी उम्मीचा घोट त्या सांध्यावर ओतला. इंजिन शांत.

"उम्मी, नजर तुझी निघाली!"

"काहीतरीच! मी माझ्याच लेकाला?" उम्मी पांढरी पडली.

दर वेळी इंजिन पुन्हा भडकेपर्यंत मी थांबत होते. मग अंगणात बसलेल्या मशिदीच्या इमामसाहेबांचा पेला ओतला. शांत. "अस्तगफिरुल्लाह, अल्ला माफ करो!" इमामसाहेब पुटपुटले. मग मी मुअल्लिमच्या पुढ्यातलाच पेला उचलला.

"तो ठेव खाली!"

"का? भीती वाटते?"

ओतला. शांत. अंगणात असा हशा उसळला की इंजिनाचा आवाजही ऐकू येईना. मग रय्याखालाच्या पेल्यात तळाशी उरलेले थेंब मी पुढच्या बाजूला टाकले. काडीचाही फरक नाही.

"आता नळाचं पाणी बघा," मी म्हणाले. साध्या पाण्यानंही तेच झालं. "जुनी चकती नीट बसलेली नाही, इथं फट आहे. फटीतून जास्तीची हवा आत शिरते, म्हणून इंजिन उसळतं. वेग फार वाढला की गाडी स्वतःच इंधन तोडते, म्हणून पडतं. पडलं की पुन्हा इंधन, पुन्हा उसळी. फटीवर काहीही ओलं पडलं की ती घटकाभर बुजते. पाणी शोषलं गेलं, वाळलं, की पुन्हा सुरू."

"अरे, गॅरेजवाले गळती असंच पाणी मारून शोधतात!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. "आणि हा मुअल्लिम आधी भंगार गाड्याच विकायचा ना?"

मुअल्लिमनं तांब्या उचलला आणि चालू लागला. हलवा मात्र संपवून गेला.

संध्याकाळपर्यंत हमूदनं नवी चकती बसवली, पिळलेला स्क्रू मूळ जागी आणला, आणि गाडी संथ चालायला लागली. उम्मी लगेच त्याला आणि मला घेऊन रय्याखालाच्या दारी गेली. "चूक झाली, बहिणी. गाडी दुरुस्त झाली. तुझी काही नजर नव्हती."

रय्याखालानं आम्हाला आत बोलावलं नाही. "फट सापडली म्हणून मी सुटले," ती म्हणाली. "आणि सापडली नसती तर?"

फट सापडेल याची मलाही खात्री नव्हती.

"सापडली नसती तरी, खाला," हमूद म्हणाला. "तरी तुमचा दोष नव्हता. हे मला अंगणातच म्हणायला हवं होतं."

रय्याखाला मागे वळून म्हणाली, "शमसा, बाहेर ये. काय ते तूच ठरव."

शमसानं काय ठरवलं ते तिचं तिनं सांगावं. मला सांगायचंय ते इतकंच. कोडं सुटेपर्यंत 'ठाऊक नाही' म्हणायला शिका. ठाऊक नाही म्हटल्यानं कुणाचं काही जात नाही. पण ते म्हणण्याऐवजी आपण एखाद्या बाईचं नाव घेतो, तेव्हा तिचं सगळं जातं.