वाल्पुरीचं झाड

ताह्वोने कुऱ्हाड उचलली, तशी त्याची बायको आउनो झाडाला पाठ लावून उभी राहिली.

“तोडू नकोस.”

“बाजूला हो गं. तिकडे पाद्री खोळंबलाय, इकडे घोडा गारठलाय.”

मागे गोठलेल्या सरोवरावर घसरगाडी थांबली होती आणि गाडीवरच्या पेटीत ताह्वोची आई वाल्पुरी निजली होती. चर्चच्या वाटेवर जिथून घर शेवटचं दिसतं, तिथल्या पाइनच्या फांद्या छाटायच्या आणि खोडावर मयताच्या नावाचं पहिलं अक्षर कोरायचं. मेलेलं माणूस घराकडे निघालंच, तर आपली खूण बघून तिथूनच माघारी वळतं. सावो प्रांतात पिढ्यान् पिढ्या हेच चालत आलेलं. छाटू नका म्हणणारी सून मात्र कुणी पाहिली नव्हती.

“ऐका हो ऐका!” शेजारचा म्हातारा इस्को दारूची बाटली पुढे सरकवत खिदळला. “माझी आई गेली तेव्हा आमच्या हिने एक सोडून दोन झाडं छाटून घेतली. एकावर भरवसा नव्हता तिचा! आणि ही म्हणते, सासू परत येऊ दे!”

“हसा, इस्कोकाका, हसा. तुमचं काय जातंय?”

आपलं काय जातंय ते आउनोलाच ठाऊक होतं. मंगळवारी भर दुपारी भट्टी तापली होती, राय धान्याचे पाव आत होते. खाटेवरून म्हातारी म्हणाली, “आउनो, पाणी दे गं.” “आले,” आउनो म्हणाली, आणि गेली नाही. नऊ वर्षं ‘हे दे, ते दे’ ऐकून तिचे कान किटले होते. दुसरी हाक आली, तेव्हा ‘ओरडू दे जरा’ असं तिच्या मनात आलं. हो, अगदी ह्याच शब्दांत. तिसरी हाक बारीक होती. पाव काढून, हात पुसून ती पाणी घेऊन गेली, तोवर सगळं आटोपलं होतं. म्हातारीचे सुकलेले ओठ उघडेच होते. जळो मेले ते पाव! पण त्यातला एकही करपला नव्हता.

तेव्हापासून तिला एकच घोर लागला होता. म्हातारी आता तुओनीच्या काळ्या नदीपाशी पोचेल. मृत्यूचा तो देव येणाऱ्याच्या हातात आधी पेला देतो, आणि तो प्यालेलं माणूस घरदार विसरतं. आमची ही तहानलेली, घटाघटा पिणार. मग क्षमा मागायची तरी कुणाची? त्याआधी तिने एकदा घरी यायला हवं होतं. शिव्या दे म्हणावं, झिंज्या उपट म्हणावं, पण ये.

“मी तिला पाणी दिलं नाही, ताह्वो,” ती हळूच म्हणाली. “तीनदा मागितलं तिने.”

“चारदा,” ताह्वो म्हणाला.

आउनो झाडापासून पुढे आली.

“मी तिच्या खाटेमागच्या भिंतीपलीकडे जाळं विणत होतो. चौथ्यांदा तिने मला हाक मारली. वाटलं, बायकांचं काम आहे, तू जाशील. आणि गाठ अर्धी राहिली होती.” त्याने कुऱ्हाड खाली घेतली. “तुला ती यायला हवी, आउनो. मला नको. मी काय तोंड दाखवू तिला?” त्याने कुऱ्हाड तिच्या हातात दिली. “घे. तूच ठरव.”

तिने सरोवरापलीकडच्या घराकडे पाहिलं. म्हातारी दारात उभी राहिली तर काय होईल, हे तिने आता कुठे नीट मनात आणलं. ती शिव्या देणार नाही, झिंज्या तर नाहीच नाही. मुकाट्याने खाटेवर बसेल आणि दोघांकडे बघेल.

आउनोने पहिला घाव घातला. मग दुसरा. हाताला येतील तेवढ्या फांद्या तिने तोडल्या, कोवळ्या डहाळ्यासुद्धा.

“अगं बास, बास!” इस्को ओरडला. “घोड्याला भिववतेस की काय!”

ताह्वोने अक्षर कोरलं. घसरगाडी हलली. मागून चालताना आउनोला हायसं वाटलं, अगदी पोटातून हायसं वाटलं. पाणी न दिल्याचं तिने नवऱ्याला सांगितलं होतं. हे हायसं वाटणं मात्र ती कधी कुणाला सांगू शकली नाही.